घरचाच माणूस आहे ना, मग रजिस्ट्री कशाला?

बस करा आता! पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारला म्हणून मानेवाड्याचा प्लॉट भाऊजींच्या नावावर होतो का? नाही होत! विक्रीपत्र नोंदवावंच लागतं, कायदा १९०८ चा आहे. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलं. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकाकडे न्यायचा. पुढचे चार महिने दंड, नंतर दारच बंद. आणि आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, अजून वारलेल्या आजोबांचं नाव, बहिणींच्या सह्या नाहीत, पैसे मात्र देऊन मोकळे! का? उद्या प्लॉट विकणारा गेला की त्याचीच पोरं तो पिवळा पडलेला कागद उलटसुलट करून विचारतात, "काकाजी, रजिस्ट्री कुठाय?"