जुन्या ब्राउझरचा सपोर्ट काढताय? एवढी घाई कसली!

वेबवाल्यांनो, आधी शांत व्हा. आयई ६, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा ब्राउझर, आला २००१ ला, आणि तो सोडा हो म्हणून लोकांच्या विनवण्या करायला मायक्रोसॉफ्टने खास वेबसाइट काढली २०११ ला, म्हणजे जन्मदात्यालाच दहा वर्षं लागली, तुम्ही कोण लागून गेलात? तोवर करायचं काय, तर त्यात सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणारा कोड) एखाद्या चौकटीला फ्लोट दिला, म्हणजे ती एका बाजूला सरकवली, की मार्जिन, म्हणजे कडेची मोकळी जागा, दुप्पट होतं ना, मग डिस्प्ले इनलाइन लिहायचं की जातं, का जातं ते विचारायचं नाही. ट्रान्सपरंट पीएनजी चित्राच्या मागे राखाडी चौकोन दिसतो? दिसू दे, डिझाइन आहे म्हणून सांगा.

अॅनालिटिक्सच्या, म्हणजे कोण कुठल्या ब्राउझरवरून साइटवर येतं त्या आकडेवारीच्या, नादी तर लागूच नका. अर्धा टक्का दिसतोय ना, तो अर्धा टक्का म्हणजे नेमके क्लायंटचे मोठे साहेब, ज्यांच्या केबिनमधल्या पीसीला हात लावायची कुणाची टाप नाही. तरीही काढायचाच असेल सपोर्ट, तर सोपी आयडिया आहे, त्या ब्राउझरमध्ये साइट आधी मोडू द्या, मग तिथून कोणी येणार नाही, मग मीटिंगमध्ये रिपोर्ट दाखवा की बघा, तिथून कोणी येतच नाही! (ही आयडिया भल्याभल्यांनी वापरलीय, लाजू नका.)

२०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कोगन नावाच्या ऑनलाइन दुकानाने आयई ७ वाल्या गिऱ्हाइकांवर ६.८ टक्के टॅक्स लावला होता, ब्राउझर जितके महिने जुना तितके ०.१ टक्के. तुम्ही असलं काही सुचवायला जाऊ नका, क्लायंट तो तुमच्याच बिलातून कापेल.

आणि १५ जून २०२२ ला आयई ११ रिटायर झाला म्हणून पेढे वाटलेत त्यांच्यासाठी खुशखबर, मायक्रोसॉफ्टच्याच नव्या एज ब्राउझरमधला आयई मोड (जुन्या साइट आयईसारख्या चालवायची सोय) किमान २०२९ पर्यंत चालू राहणार आहे. समजा तोही गेला, तरी हाताला काम राहील, जुने आयफोन आहेत की! सफारी अपडेट होतो आयओएसबरोबर, आयओएस त्या फोनवर पुढे सरकत नाही, आणि क्रोम टाका म्हणून सांगाल तर आयफोनवरच्या क्रोमच्या पोटातही सफारीचंच वेबकिट (पान उघडून दाखवणारं इंजिन). तेव्हा कोटेशनमध्ये 'सर्व ब्राउझरवर चालेल' एवढंच लिहा, व्हर्जन नंबर अजिबात टाकू नका, उगाच स्कोप कळतो लोकांना.