पिशवीत मावणारी महापालिका

मे महिना सरत आला की मुंबईत दोन प्रकारची तयारी अपेक्षित असते. पहिली तयारी प्रशासनाची. नालेसफाईची टक्केवारी शंभरी गाठते, एखाद्या वर्षी ओलांडतेही. गाळाच्या ढिगांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि ज्या दिवशी समुद्राला साडेचार मीटरहून मोठी भरती येणार आहे, त्या दिवसांची यादी तास-मिनिटांसह हाती येते. ही तयारी दरवर्षी इतकी चोख असते की तिच्याविषयी बोलण्यासारखे काही उरत नाही. दुसरी तयारी नागरिकाची आणि दुर्दैवाने सगळी बोंब तिथेच आहे. डबा, पास आणि मोबाईल एवढ्या भांडवलावर घराबाहेर पडणारे बेजबाबदार लोक आजही लाखांच्या संख्येने लोकलमध्ये चढतात आणि संध्याकाळी घरी पोहोचण्याची अपेक्षा बाळगतात. आपण त्यांच्यापैकी असाल, तर पुढील सूचना कृपया गांभीर्याने घ्याव्यात.

आरंभ छत्रीपासून करू. छत्री पावसापासून रक्षण करते हा समज तिच्या निर्मात्यांनी पसरवलेला आहे. मुंबईच्या वाऱ्यात ती पहिल्याच वळणावर उलटी होते. छत्रीचा खरा उपयोग मिटलेल्या अवस्थेत असतो. हिंदमाता, किंग्ज सर्कल, अंधेरी सबवे अशा ठिकाणी पाणी मांडीपर्यंत आले, की लांब दांड्याची छत्री उजव्या हातात काठीसारखी धरावी, तिचे टोक पुढे टेकवून तळ लागतो का पाहावे, लागल्यास एक पाऊल टाकावे आणि न लागल्यास पाय मागे घ्यावा. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक माणूस पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेला, त्यानंतर मॅनहोलांच्या झाकणांखाली जाळ्या बसवण्याचे काम हाती घेण्यात आले. कोणत्या मॅनहोलला जाळी बसली आहे आणि कोणत्याला नाही, हे गढूळ पाण्यातून दिसत नाही. तेवढी तपासणी छत्रीने करून घ्यावी. तीन घड्यांची, पर्समध्ये मावणारी नाजूक छत्री या कामी कुचकामी आहे. महापालिकेच्या अभियंत्याचे काम करायचे तर हत्यारही त्या तोलाचे हवे.

मोबाईल कोरडा राहण्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी जवळ बाळगावी, असे पूर्वी सांगता येत असे. २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी असून पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड आहे. म्हणजे मोबाईल वाचवण्याचा खर्च बऱ्याच मोबाईलांच्या किमतीच्या जवळ जातो. सुदैवाने दुधाच्या जाड पिशव्यांना अटी घालून सवलत देण्यात आली होती. तेव्हा दुधाची पिशवी कोपऱ्यात बारीक कापून, धुऊन, दोरीवर उलटी वाळवून जपून ठेवावी. तिचा वास जात नाही. परंतु संकटकाळी मोबाईल कानाला लावल्यावर किंचित नासक्या दुधाचा वास येणे हे पर्यावरणरक्षणाच्या तुलनेत फार नाही.

आता रेल्वे. इथे थोडे सविस्तर बोलणे भाग आहे, कारण मुंबईकराच्या आयुष्यातील बहुतेक आणीबाणी दोन स्थानकांच्या मध्ये घडते. शीव आणि कुर्ल्याच्या दरम्यान रुळांवर पाणी चढते, गाडी थांबते, पंखे काही वेळ फिरतात आणि मग तेही थांबतात. पहिला अर्धा तास कोणी काही बोलत नाही. त्यानंतर दारातला कोणीतरी बाहेर डोकावून ‘पुढे तीन गाड्या उभ्या आहेत’ असे जाहीर करतो आणि डब्यातील एकमेव अधिकृत माहिती ती हीच. यथावकाश लोक उतरू लागतात. फलाट नसताना डब्याच्या दारापासून खडीपर्यंतचे अंतर साधारण छातीएवढे भरते. तरुण मुले दांडा धरून उडी मारतात. बाकीच्यांनी दाराच्या कडेशी बसावे, पाय खाली सोडावेत, पर्स खालच्या अनोळखी माणसाच्या हाती द्यावी आणि मग स्वतःलाही त्याच्याच हाती सोपवावे, अशी रूढ पद्धत आहे. साडी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या पन्नाशीच्या बाईंना ही पद्धत गैरसोयीची वाटते असे दिसून आले आहे. त्यावर उपाय अगदी सोपा आहे: घडीचा स्टूल. न्हाणीघरात असतो तसला प्लॅस्टिकचा चालणार नाही, तो खडीवर डगमगतो. लोखंडी पायांचा घ्यावा. वजन तीनेक किलो असते, पण एकदा सोबत असला की उतरण्यापुरता फलाट आपल्या मालकीचा होतो.

पाण्याची बाटली अवश्य न्यावी, मात्र ती पिऊ नये. उपनगरी लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते आणि गाडी किती वेळ उभी राहील हे कोणी सांगत नाही, त्यामुळे बाटली भरलेली असणे आणि आपण तहानलेले असणे ही दोन्ही पथ्ये एकाच वेळी सांभाळावी लागतात. महिला प्रवाशांना हे वेगळे शिकवण्याची गरज नाही. त्यांपैकी कित्येक जणी पावसाळा नसतानाही घरातून निघण्याआधी दोन तास पाणी घेत नाहीत आणि डॉक्टरांनी ‘पाणी भरपूर प्या’ असे बजावले की मान डोलावतात. खाण्याच्या बाबतीत बिस्किटांचा पुडा पुरेसा आहे. २६ जुलै २००५ च्या रात्री रस्त्यावर अडकलेल्यांना चाळींतल्या आणि झोपड्यांतल्या लोकांनी चहा, बिस्किटे आणि झोपायला जागा दिली होती, हे खरे. परंतु त्या चाळींपैकी बऱ्याच ठिकाणी आता पुनर्विकास होऊन टॉवर उभे आहेत आणि टॉवरमध्ये शिरायचे तर सुरक्षारक्षकाच्या वहीत नाव, फ्लॅट क्रमांक आणि भेटीचे कारण लिहावे लागते. ‘कारण’ या रकान्यात काय लिहावे, ते आधीच ठरवून ठेवावे.

त्या दिवसाचा आणखी एक धडा आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच वेळी कुलाब्याला ७३ मिलिमीटर. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांतून निघालेल्या लोकांना आपण कशात शिरत आहोत याची कल्पना वाटेतच आली. शहराची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. ती ५० वर नेण्याची ब्रिमस्टोवॅड योजना १९९३ च्या अहवालात मांडली गेली होती आणि पाऊस आला तेव्हा ती बारा वर्षांची झाली होती. त्यातून भरतीच्या वेळी समुद्राची पातळी बहुतेक नाल्यांच्या मुखांहून वर जाते, म्हणजे पाण्याला जायला वाट उरत नाही. अशा स्थितीत सुज्ञ नागरिकाने काय करावे? भरती-ओहोटीचे वेळापत्रक सॅकमध्ये ठेवावे आणि वरिष्ठांना अर्ज द्यावा की, ‘आज दुपारी दोन वाजून अमुक मिनिटांनी ४.७ मीटरची भरती असल्यामुळे मला साडेबारा वाजता सोडावे.’ वरिष्ठ हसतील. त्यांच्याकडे मोटार असते.

मोटार असणाऱ्यांसाठी एकच वस्तू: काच फोडायची हातोडी. २००५ मध्ये पाणी शिरल्यावर विजेवर चालणारी दारे आणि काचा उघडल्या नाहीत आणि आतली माणसे गुदमरून दगावली. हातोडी डिकीत ठेवू नये, एवढे सांगितले की पुरे.

कागदपत्रांकडे मात्र लोकांचे अक्षम्य दुर्लक्ष होते. पूर ओसरल्यावर पंचनामा होतो आणि पंचनाम्यात आपले नाव यायचे, तर आपण आपणच आहोत आणि जिथे चिखल साचला आहे ते घर आपलेच आहे, हे कागदावर सिद्ध करावे लागते. ते कागद त्याच घरात, त्याच चिखलात असतात. म्हणून आधारकार्ड, शिधापत्रिका, वीजबिल आणि बँक पासबुकाचे पहिले पान यांच्या स्वसाक्षांकित झेरॉक्स तीन-तीन प्रतींत, आणि सोबत दोन पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, दुधाच्या दुसऱ्या पिशवीत घालून सदैव अंगाजवळ ठेवावीत. छायाचित्रात चेहरा कोरडा असावा.

इतके सगळे जवळ असूनही अडचण आलीच, तर महापालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे. तो लावताना पॉवर बँक जोडून ठेवावी. संगीत ऐकत थांबण्याची तयारी हाही सज्जतेचा भाग आहे.

एवढी पदरमोड नागरिकाने का करावी, अशी शंका काही कुजकट लोक काढतात. त्यांनी कायदा वाचावा. आपल्याकडील आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चाच आहे, डिसेंबरमधला, म्हणजे जुलैनंतरचा. त्यात आपत्तीची व्याख्या करताना नुकसानीबरोबरच अशी अट घातली आहे की, प्रसंग बाधित क्षेत्रातील समाजाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडचा असला पाहिजे. हे वाक्य वरवर साधे दिसते, पण त्यात केवढी सोय आहे पाहा. आपल्याजवळ छत्री, स्टूल, बिस्किटे आणि हातोडी असेल आणि आपण रांगत-पोहत का होईना घरी पोहोचलात, तर प्रसंग आपल्या क्षमतेपलीकडचा नव्हता हे आपण स्वतःच सिद्ध केले. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण ८.१२ ची लोकल पकडलीत, की उरलासुरला पुरावाही नष्ट झाला. वर्तमानपत्रे त्याला मुंबईचे स्पिरिट म्हणतात. पूर्ण सज्ज नागरिकांच्या शहरात कायद्याने आपत्ती येऊच शकत नाही. तिथे फक्त पाऊस पडतो.

या योजनेत एकच त्रुटी आढळली असून ती प्रामाणिकपणे नोंदवणे आवश्यक आहे. १९ ऑगस्ट २०२५ च्या संध्याकाळी, हार्बर मार्गावरील लोकल बंद पडल्याने लोक मोनोरेलकडे वळले आणि म्हैसूर कॉलनीजवळ ती मोनोरेल उंचावरच अडकली. वीज गेली, वातानुकूलन बंद झाले, काचा उघडणाऱ्या नव्हत्या आणि आतल्या ५८२ प्रवाशांना अग्निशमन दलाने शिड्या लावून काही तासांत उतरवले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, म्हणजे एमएमआरडीएचे, स्पष्टीकरण असे होते की, गाडीची क्षमता १०४ टनांची असताना वजन १०९ टनांपर्यंत गेले आणि विजेचा संपर्क तुटला. दोष, थोडक्यात, प्रवाशांच्या वजनाचा. आता हे जादा पाच टन ५८२ जणांत वाटले, तर माणशी साडेआठ किलोंच्या आसपास भरतात. वर सुचवलेली सॅक स्टूल, भरलेली बाटली, पॉवर बँक आणि हातोडीसह घरच्या वजनकाट्यावर ठेवून पाहिली असता तिचेही वजन जवळपास तेवढेच भरते.

तेव्हा मोनोरेलने जायचे असल्यास सॅक घरी ठेवावी, आणि अडकल्यावर लागेल म्हणून एक शिडी तेवढी सोबत घ्यावी. ॲल्युमिनियमची घ्यावी, ती हलकी असते.