सूचना पेटीला क्यूआर कोड, पहिलं बक्षीस!

काल आमच्या विद्यापीठात नवकल्पना सूचना योजनेचं बक्षीस वाटप झालं. पहिलं बक्षीस कशाला, तर सूचना पेटीवर क्यूआर कोड चिकटवावा या सूचनेला. म्हणजे सूचना कशी द्यावी याची सूचना! पाच हजार, शाल, श्रीफळ, कुलगुरूंसोबत फोटो. आणि मी, बावीस वर्षं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट, मला सहभाग प्रमाणपत्र, त्यातही आडनाव चुकलेलं.

माझी सूचना ऐका आता. डिस्टिल्ड वॉटरचं युनिट चालू असतं तेव्हा कंडेन्सर (वाफेचं परत पाणी करणारा भाग) गार ठेवायला नळ सोडून ठेवावा लागतो आणि ते स्वच्छ कोमट पाणी सरळ सिंकमध्ये जातं. बादली लावून मोजलंय मी, चार लिटर डिस्टिल्डमागे साठेक लिटर. मे महिन्यात हॉस्टेलला टँकर आणि इकडे आमची गंगा गटारात. म्हटलं एक पाईप टाका, एक ड्रम ठेवा, भांडी त्याच पाण्यात धुऊ. खर्च हजाराच्या आत. दीड वर्ष फाईल फिरतेय! आधी 'विहित नमुन्यात, योग्य मार्गाने, तीन प्रतीत', मग विचारणा की ड्रम डेड स्टॉकला, म्हणजे टिकाऊ सामानात लावायचा का कन्झ्युमेबलला, म्हणजे वापरून संपणाऱ्या सामानात, मग तीन कोटेशन आणा, आणि शेवटी टिपणी काय, तर पाईप हा विषय इस्टेट विभागाचा, म्हणजे इमारती सांभाळणाऱ्यांचा. इस्टेटवाले म्हणतात लॅबच्या आतलं आमचं नाही. घ्या.

वर पाहुण्यांचं भाषण पाऊण तास. टोयोटा १९५१ पासून कामगारांच्या सूचना घेते, मग तो गुजरातमधल्या वांकानेरच्या मनसुखभाईंचा विजेशिवाय चालणारा मातीचा फ्रीज. दर वर्षी हीच स्लाइड असते. फ्रीज भारीच आहे, वाद नाही, पण मनसुखभाई आमच्याकडे नोकरीला असते तर 'मातीचा खर्च कुठल्या हेडखाली?' म्हणून फाईल परत आली असती. ते हनी बी नेटवर्कवाले लोकांच्या युक्त्या शोधत गावोगाव पायी शोधयात्रा काढतात, आमच्या साहेबांना दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर यायला जमत नाही. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात नवोपक्रमासाठी वेगळं मंडळसुद्धा आहे म्हणे, असू दे, आम्हाला पाईप हवाय. आणि 'इकोसिस्टीम' हा शब्द परत कोणी माईकवर उच्चारला तर मी खुर्ची फेकणार आहे.

बरं, सूचना पेटी उघडतात कधी? नॅकवाले, म्हणजे विद्यापीठाला दर्जा देणारे तपासनीस, यायचे असले की. एरवी किल्ली हरवलेली. मागच्या वेळी उघडली तर आत दोन गुटख्याच्या पुड्या आणि कँटीनच्या चहावर एक निनावी पत्र. (चहाचं खरंय. आणि समारंभात तो चहासुद्धा आधी सर लोकांना, आम्हाला उरला तर. बायोमेट्रिक हजेरी मात्र आम्हालाच, सर लोकांना नाही. जाऊ दे, आज तो विषय नाही.)

रात्री बायकोसमोर हे सगळं तावातावाने सांगत होतो, आणि मध्येच आठवलं, गेल्या महिन्यात एमएस्सीची एक पोरगी म्हणाली होती, "काका, ॲसिडच्या बाटल्या वरच्या फळीवर का ठेवता, खाली ठेवा ना, काढताना भीती वाटते." तर मी काय म्हणालो असेन? "अर्ज दे लेखी, बघू." शप्पथ. तोंडातून आपोआप आलं, बावीस वर्षांचं पाणी मुरलंय, दुसरं काय.

आज सकाळी गेल्या गेल्या बाटल्या खाली घेतल्या, वीस मिनिटं लागली. पोरगी बघून हसली, काही बोलली नाही.

ड्रमचंही आता स्वतःच करावं म्हणतोय. घरी गच्चीवर जुना निळा पडलाय एक, टमटममध्ये घालून आणला असता. पण गेटवरचा वॉचमन म्हणतो खासगी सामान आत न्यायला पास लागेल, त्याचा फॉर्म इस्टेटमध्ये मिळतो.