पेटी शाबूत, माल फुटलेला

गेल्या रविवारी कराडला ताईकडे गेलो होतो. भाचा क्रिकेटचा सराव संपवून आला, हेल्मेट सोफ्यावर फेकलं आणि म्हणाला, "मामा, उचलून बघ, किती हलकं झालंय."

उचललं. आत काहीच नव्हतं. नुसती प्लास्टिकची करवंटी, आणि जिथे फोम होता तिथे गोंदाचे पाच-सहा पिवळट डाग.

"बाबांनी काढला. घाम येतो ना."

दाजींनी लगेच मोबाइल पुढे केला. तोच फॉरवर्ड मला आधी तीन ग्रुपवर येऊन गेला होता आणि मी न वाचता पुसला होता. आता नीट वाचला. थोडक्यात असा: एक, गावसकर-रिचर्ड्स हेल्मेटशिवाय खेळले, हेल्मेटने फलंदाज भित्रा होतो. दोन, ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिल ह्यूज हेल्मेट घालूनच मेला, म्हणजे उपयोग शून्य. तीन, संरक्षण करतं ते बाहेरचं टणक कवच. आतला फोम नुसता आरामाला आणि किंमत फुगवायला, उन्हाळ्यात काढून टाकावा. चार, अस्सल-नकली ओळखायचं तर हेल्मेट फरशीवर दोनदा जोरात आपटा. तडा गेला नाही तर अस्सल. पाच, वजनाने मुलांच्या मानेचे मणके कायमचे बिघडतात. सहा, अगदीच हवं असेल तर स्कूटरचं हेल्मेट घाला, तेही चालतं. शेवटी 'एका नामांकित डॉक्टरांचा सल्ला', डॉक्टरांचं नाव नाही, आणि 'दहा पालकांना पाठवा'. दाजींनी पाठवला होता. अकरा जणांना.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण त्याच्या भरवशावर माझा भाचा तीन आठवडे सीझन बॉलसमोर, म्हणजे कातडी कडक चेंडूसमोर, उभा राहिला.

माझं काम पॅकिंगचं. चाकणला अठरा वर्षं नाजूक मशिनरी खोक्यात भरतोय. आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येक पोरगा पहिल्या आठवड्यात एकच चूक करतो: जाड लाकडाची भक्कम पेटी बनवतो आणि आत मीटर तसाच ठेवतो. मग ती पेटी ठरलेल्या उंचीवरून कोपऱ्यावर पाडायची. उघडायची. पेटीला ओरखडा नाही, आत काचेचा चुरा. आमच्याकडे त्याला 'पेटी शाबूत, माल फुटलेला' म्हणतात. दाजींनी काढला तो फोम म्हणजे हेल्मेटचं पॅकिंग. बाहेर राहिली ती पेटी.

हिशोब फार अवघड नाही. चेंडूचं वजन साधारण १६० ग्रॅम. तो ताशी १०० किलोमीटरने आला तर त्यात सुमारे ६२ ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे पाच किलोचं वजन सव्वा मीटर उंचीवरून सोडल्यावर जेवढी तेवढी. ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. प्रश्न एवढाच, की चेंडू किती अंतरात थांबतो. टणक कवच थेट कवटीला टेकलेलं असेल आणि सगळं मिळून २ मिलिमीटरच दबलं, तर सरासरी जोर येतो सुमारे ३१,००० न्यूटन, म्हणजे तीन टनांच्या वर. तेच आत फोम आहे आणि तो २० मिलिमीटर दबला, तर जोर दहाव्या हिश्शावर. हा कागदावरचा हिशोब झाला. प्रत्यक्षात चेंडू उसळून परत जातो, डोकं मागे सरकतं, आकडे खाली येतात. पण थांबायला जागा जितकी कमी तितका दणका जास्त, हे गणित बदलत नाही. ती जागा देणारा एकच भाग हेल्मेटमध्ये असतो, आणि तोच यांनी काढला.

मग कवच कशाला? आहे ना त्यालाही काम. चेंडू टेकतो तो रुपयाएवढ्या जागेवर. कवच तो मार तळहाताएवढ्या जागेवर पसरवतं, म्हणजे एका टिचभर तुकड्याऐवजी बराचसा फोम एकदम कामाला लागतो. फोम नसेल तर कवच मार पसरवणार कशावर?

आणि हा फोम गादीचा नव्हे. फार मऊ असला तर चेंडू त्याला तळापर्यंत दाबतो आणि मग कवटीशीच गाठ. फार कडक असला तर तो दबतच नाही. त्याची घनता मधली कुठेतरी बसवावी लागते, आणि बनवणाऱ्याची सगळी डोकेफोड तिथेच असते. स्कूटर आणि सायकलच्या हेल्मेटमध्ये थर्माकोल असतं तेही याचसाठी: त्याचे मणी चिरडतात, ऊर्जा खातात आणि परत फुगत नाहीत. एकदा जोरात पडलात की ते हेल्मेट बाद. ते त्यासाठीच बनवलेलं असतं.

एक गोष्ट मान्य करायला हवी, नाइलाजाने. बऱ्याच हेल्मेटमध्ये सगळ्यात आत, कपाळाला लागणारी, कापडाची पातळ गादी वेल्क्रोने लावलेली असते. ती खरोखर घामासाठी आणि माप नीट बसावं म्हणून. ती काढून धुवावी, जरूर धुवावी. भाच्याच्या गादीचा वास मला दारातच आला होता. पण कवचाला चिकटवलेला जाड थर आणि ही गादी यांत फरक आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने दोन्हींना 'फोम' म्हटलं आणि दाजींनी स्क्रूड्रायव्हर घेतला.

दाजींना ऐकून पटेना, म्हणून ताईच्या ओट्यावरून दोन स्टीलचे डबे घेतले, दोन्हींत एकेक अंडं. एकात अंडं नुसतंच, दुसऱ्यात किट बॅगमधल्या जुन्या फाटक्या थाय पॅडचा फोम कोंबून त्यात. खांद्याएवढ्या उंचीवरून दोन्ही डबे फरशीवर सोडले. पहिल्या डब्याला बारीकसा पोचा, आणि झाकणातून पिवळा बलक बाहेर. दुसऱ्यातलं अंडं ताईने रात्री आमटीत घातलं. दाजी म्हणाले, "अंडं वेगळं, डोकं वेगळं." तेवढ्यात ताईने त्यांना घरचा आहेर दिला: काढलेला फोम यांनी मिक्सरच्या पायांखाली लावलाय. का, तर मिक्सर फार थरथरतो. म्हणजे फोमने धक्का शोषला जातो हे दाजींना पक्कं ठाऊक होतं, फक्त मिक्सरच्या बाबतीत.

चौथा मुद्दा, आपटून बघण्याचा. काडेपेटीतली काडी चांगली आहे का, हे ती ओढून बघण्यासारखं झालं. आपटलेल्या हेल्मेटचा फोम आतून दबलेला असू शकतो, कवचाला डोळ्यांना न दिसणारी चीर गेलेली असू शकते, आणि ती चाचणी 'पास' झाली म्हणून तेच हेल्मेट मुलाच्या डोक्यावर जातं. अस्सल ओळखायचं तर आतलं लेबल बघा. क्रिकेटच्या हेल्मेटसाठी 'बीएस ७९२८:२०१३' हे ब्रिटिश मानक आहे. आधीच्या १९९८च्या मानकात एक भोक होतं, अगदी शब्दशः: टोपीची कड आणि ग्रिल (चेहऱ्यासमोरची जाळी) यांच्या फटीतून चेंडू आत घुसतो का, हे त्यात तपासलंच जात नव्हतं. २०१३च्या मानकात खरा चेंडू मारून बघतात, तो फटीतून शिरतो का आणि ग्रिल मागे ढकललं जाऊन चेहऱ्याला लागतं का. मोठ्यांच्या चेंडूची चाचणी वेगळी, मुलांच्या लहान चेंडूची वेगळी. म्हणून ग्रिलचे स्क्रू सैल करून 'नीट दिसतं' म्हणत फट वाढवणाऱ्यांनाही हात जोडून विनंती आहे. भाच्याच्या हेल्मेटचं लेबल, विचारलंत म्हणून सांगतो, फोमबरोबर निघून मिक्सरखाली गेलं होतं.

आता फिल ह्यूज. त्याचं नाव असं फेकलेलं बघून मला सगळ्यात जास्त चीड आली. २५ नोव्हेंबर २०१४, सिडनी. बाउन्सर, म्हणजे आपटून डोक्याच्या उंचीवर येणारा चेंडू, हुक मारायला गेला, चेंडू डाव्या बाजूने मानेवर लागला, हेल्मेटच्या खाली. मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी फाटली, मेंदूत रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांनी तो गेला. चेंडू हेल्मेटला लागलाच नाही, तर हेल्मेट 'फेल' कसं गेलं? छत्री असताना गुडघे भिजले म्हणून छत्री फेकून द्यायची का?

यातही अर्धसत्य आहे ते सांगतो. त्याचं हेल्मेट जुन्या मॉडेलचं होतं, २०१३च्या मानकात न बसणारं. क्रिकेट ऑस्ट्रेलियाने नेमलेल्या डेव्हिड कर्टन यांच्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल २०१६ मध्ये आला. नव्या मॉडेलचं हेल्मेट असतं तर तो नक्की वाचला असता, असं त्या अहवालात म्हटलेलं नाही, आणि त्याच वर्षी न्यू साउथ वेल्सच्या कोरोनरनेही (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानेही) तसं म्हटलं नाही. मीही म्हणणार नाही. पण 'म्हणून हेल्मेट टाका' हा निष्कर्ष त्यांच्यापैकी कोणीच काढला नाही. कर्टन यांनी शिफारस केली ती नेमकी उलटी: नव्या मानकाची हेल्मेट सक्तीची करा आणि मानेच्या कवचाचा पाठपुरावा करा. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या आर्चरचा बाउन्सर ऑस्ट्रेलियाच्या स्मिथच्या मानेवर बसला, तेव्हाही त्याच्या हेल्मेटला मागचं ते मानेचं कवच नव्हतं. ऑक्टोबर २०२३ पासून ऑस्ट्रेलियाने ते आपल्या खेळाडूंना वेगवान गोलंदाजीसमोर सक्तीचं केलं. ह्यूजच्या मृत्यूतून निघालेला धडा 'मान उघडी ठेवू नका' हा होता. आमच्या फॉरवर्डने त्यातून डोकंही उघडं केलं.

आणखी एक कबुली: कुठलंही हेल्मेट मेंदूला बसणारा झटका पूर्ण थांबवत नाही. भांडं न फुटता थांबलं तरी आतलं दही हलतंच. कवटी फुटण्याचा धोका हेल्मेट खूप कमी करतं, कन्कशनचा, म्हणजे झटक्याने मेंदूला होणाऱ्या इजेचा, तितका नाही. म्हणूनच आयसीसीने २०१९ पासून कन्कशन झालेल्याच्या जागी बदली खेळाडू घ्यायची मुभा दिली. चेंडू हेल्मेटला लागला आणि पोरगं 'काही नाही झालं' म्हणालं, तरी त्याला बाहेर बसवा. आणि ते हेल्मेट बदला.

भित्रेपणाचं बोलू. रिचर्ड्स आयुष्यभर हेल्मेटशिवाय खेळला, खरं आहे. गावसकरही बराच काळ तसेच खेळले. पण नंतरच्या वर्षांत ते टोपीच्या आत कवटीला बसणारं कडक कवच घालत. फॉरवर्डला एवढं ठाऊक नसावं किंवा ठाऊक असून सोयीचं नसावं. ज्यांचं नशीब चांगलं नव्हतं त्यांची नावं मात्र या यादीत कधीच नसतात. १९६२ मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू लागून नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली. जीव वाचला, कसोटी कारकीर्द तिथेच संपली. १९७६ मध्ये किंग्स्टनला अंशुमन गायकवाड ८१ धावांवर असताना चेंडू कानावर बसला आणि ते इस्पितळात गेले. १९९८ मध्ये ढाक्यात शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय उभे राहिलेले रमण लांबा डोक्याला चेंडू लागून गेले. भित्रे होते का हे?

आणि आपल्या मुंबईच्या संदीप पाटीलचं काय? जानेवारी १९८१, सिडनी कसोटी. हेल्मेट नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या पास्कोचा चेंडू कानाजवळ बसला आणि तो खेळपट्टीवरच कोसळला. त्याच महिन्यात ॲडलेडला तो हेल्मेट घालून उतरला आणि त्याच गोलंदाजांविरुद्ध १७४ धावा काढल्या. इतका 'भित्रा' फलंदाज आमच्या क्लबला मिळाला तर आम्ही त्याच्या घरी पेढे नेऊ. हेल्मेट आल्यावर बेधडक हुक मारणारे वाढले आणि चेंडूवरून नजर काढणारेही वाढले, असं जुने लोक म्हणतात. असेलही. तो दोष शिकवणाऱ्याचा, फोमचा नव्हे. आणि २०२३ पासून तर आंतरराष्ट्रीय सामन्यात वेगवान गोलंदाजांसमोर हेल्मेट सक्तीचंच आहे.

राहिले दोन. मानेचे मणके: मोठ्या भावाचं ढगळ हेल्मेट दहा वर्षांच्या पोराला घातलं तर ते जड होतं, डोळ्यांवर घसरतं, ते चूकच आहे. त्यासाठी मुलांच्या मापाची हेल्मेट मिळतात. फीतीने डोक्याचा घेर मोजा, पट्टा हनुवटीखाली लावा, डोकं हलवून बघा. स्कूटरचं हेल्मेट: ते रस्त्यावर आदळण्यासाठी बनवलंय, लहान, टणक, वेगाने येणाऱ्या चेंडूसाठी नाही. काचेतून चेंडू आत आला तर काचेसकट येईल. यावर याहून जास्त लिहायची माझी तयारी नाही.

दाजींनी रात्री विचारलं, मिक्सरखालचा फोम परत चिकटवून देतोस का? नाही म्हणालो. तीन आठवडे मिक्सर त्याच्यावर उभा आहे, तुकडे वाकडे कापलेत, आणि हाताशी असलेला कुठलाही गोंद लावून बसवलेला थर ऐनवेळी कसा वागेल ते मला सांगता येणार नाही. सोमवारी भाच्याला घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने आधी दाखवलं त्याच्या आत लेबलच नव्हतं, म्हणाला, "साहेब, एकदम टणक आहे, आपटून बघा." दुसरं काढायला लावलं. लेबल वाचलं, मागे मानेचं कवच लावून घेतलं. भाचा आरशात बघून कुरकुरला, मान वळवताना टोचतं म्हणाला. दोन आठवड्यांनी सवय होईल, असं सांगितलंय. तोवर दाजींना त्या अकरा जणांना हा मजकूर पाठवायचं काम दिलंय. कालपर्यंत चौघांना गेला होता.