किड्यांना कोलॅजन लागतच नाही म्हणे!

सध्या फिरणारा दावा थोडक्यात असा: कोलॅजन, म्हणजे पेशींना बाहेरून आधार देणारं प्रथिन, फक्त हाडं असलेल्या प्राण्यांत. किड्यांचं सगळं कायटिनच्या कवचावर भागतं, स्नायू थेट त्या कवचाला चिकटतात. कुठे कोलॅजन सापडलंच तर ते नुसतं वेष्टन.

यात खरं आहे ते आधी. पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटात, म्हणजे ड्रोसोफिलात, स्नायू हाडाला जोडणाऱ्या आपल्या कंडरांसारखं तंतुमय कोलॅजन नाही. पण जाळी विणणारं चौथ्या प्रकारचं कोलॅजन आहे, आणि त्याची दोन जनुकंही: कोल-४-ए-१ आणि व्हायकिंग. पेशींच्या थरांखाली आणि स्नायूंभोवती जे पातळ आधारपटल असतं, त्यातली मुख्य जाळी हीच.

‘थेट कवचाला’ हेही अर्धवट. स्नायूचं टोक त्वचेतल्या कंडरापेशीला भिडतं, आणि दोन्ही बाजूंनी इंटिग्रिन ही प्रथिनं मधला आधार घट्ट धरतात. इंटिग्रिन नसलेल्या भ्रूणात स्नायू तयार होतात, जागेवरही पोचतात. आकुंचन सुरू झालं की मात्र टोकं सुटतात आणि स्नायूचा गोळा होतो.

आता ‘नुसतं वेष्टन’. कोलॅजनच्या साखळीत दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं, कारण तीन साखळ्यांच्या पिळात मध्ये दुसरं काही मावत नाही. कोल-४-ए-१ मध्ये एका जागी ग्लायसिन बदलला, तर अशा काही माश्या कमी तापमानाला बऱ्या जगतात. २९ अंशांवर ठेवल्या की आधारपटल वेडंवाकडं आणि जाड होतं. बिघाड तिथेच थांबत नाही. स्नायूंच्या आतल्या झेड-चकत्या, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या, विस्कटतात, तंतू झिजतात. खराबी बाहेरच्या पटलात आणि मोडतोड आतल्या यंत्रणेत! वेष्टनाची ही तऱ्हा असते का?

आणखी एक गंमत: अळीत हे कोलॅजन बहुतांशी स्नायू स्वतः बनवतच नाही. मेदपिंड, म्हणजे चरबी साठवणारा अवयव, ते बनवून शरीरद्रवात सोडतो, तिथून ते पटलात जाऊन बसतं. भ्रूणात हे काम मुख्यतः रक्तपेशींकडे असतं.

‘किड्यांचं आपल्याला काय’ म्हणणाऱ्यांसाठी: माणसातल्या याच जनुकात काही विशिष्ट बदल झाले की हॅनॅक नावाचा आजार होतो. रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडांसोबत स्नायूंनाही त्याची झळ बसते, वारंवार पेटके येतात.