ऑर्लाँला मोनालिसा व्हायचं नव्हतं

‘फ्रान्सच्या एका बाईने मोनालिसाचं कपाळ आणि व्हीनसची हनुवटी मिळवण्यासाठी ९ वेळा प्लास्टिक सर्जरी केली आणि सौंदर्याच्या वेडापायी चेहऱ्याचं वाटोळं करून घेतलं’ असा दावा फोटोसकट वर्षानुवर्षं फिरतो आहे. यातला आकडा आणि चित्रांचा संदर्भ तेवढा खरा. १९९० ते १९९३ या काळात ऑर्लाँ या कलावतीवर ९ शस्त्रक्रिया झाल्या.

तिला सुंदर व्हायचं होतं? मोनालिसा आणि व्हीनस धरून जुन्या चित्रांतल्या पाच जणींचा एकेक अवयव तिने घेतला, पण त्या रूपासाठी निवडल्याच नाहीत. पुराणकथांतल्या तिघींपैकी डायना ही शिकारदेवी कुणापुढे झुकत नाही म्हणून घेतली, सायकी मनाच्या नाजूकपणासाठी, युरोपा साहसासाठी. मोनालिसा हवी होती, कारण तिच्यात बाईइतकाच पुरुषही दिसतो.

सर्जरी फसली? हे सर्वांत चुकीचं आहे. भुवयांच्या वर दिसणारे ते दोन उंचवटे तिने मागून घेतले होते. २१ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये डॉ. मार्जोरी क्रेमर यांनी, एरवी गाल उठावदार करायला वापरतात ती इम्प्लांट्स, तिच्या कानशिलांपाशी बसवली. गालात बसवली की सौंदर्य, जरा वर सरकवली की विद्रूपता! ‘सुंदर’ कशाला म्हणायचं हे बाजार कसं ठरवतो, ते याहून नेमकं दाखवणारी कलाकृती मला माहीत नाही.

वेदनेचा तमाशा? तिने आपल्या जाहीरनाम्यातच वेदनेचं उदात्तीकरण नाकारलं आहे. फक्त भूल दिलेल्या जागेपुरती बधिर, बाकी पूर्ण जागी राहून ती शस्त्रक्रिया चालू असताना मोठ्याने वाचत होती. उपग्रहामार्फत पॅरिसच्या पाँपिदू सेंटर या कलाकेंद्रात आणि टोरांटोत बसलेले लोक ते पाहत होते. ब्यूटी क्लिनिकच्या जाहिरातीत फोटो दोनच असतात, ‘आधी’ आणि ‘नंतर’. मधलं रक्त, टाके, काळेनिळे डोळे गिऱ्हाइकाला दिसू देत नाहीत. ऑर्लाँने तेच दाखवलं आणि नंतरही सुजलेल्या चेहऱ्याचे फोटो काढत राहिली.

स्त्रीवादी असून सर्जरी, म्हणजे ढोंग? तिचा विरोध सर्जरीला नव्हताच, बाईवर लादलेल्या सौंदर्याच्या मापाला होता, आणि हे ती स्वतः सांगत आली आहे. बाईच्या शरीराला लावली जाणारी किंमत हा तिचा जुनाच विषय. १९७७ साली पॅरिसच्या कलामेळ्यात स्वतःच्या धडाचा फोटो समोर धरून ती ५ फ्रँकला एक चुंबन विकायला बसली होती. त्यापायी तिची शिक्षिकेची नोकरी गेली.