लकव्याचा झटका, दहा बोटं आणि एक सुई

आत्याकडे काकांची बीपीची गोळी शोधायला खण उघडला, तर आत एका स्टीलच्या डबीत इन्सुलिनच्या दोन सुया, काडेपेटी आणि कापूस. हे कशाला, विचारलं. म्हणाली, "यांना झटका आला तर हाताशी असावं. ग्रुपवर आलं होतं, चिनी प्रोफेसरांचं आहे." तिथल्या तिथे डबी रिकामी केली. पण हा फॉरवर्ड इंग्रजीत वीसेक वर्षं फिरतोय आणि आता मराठीत घराघरात पोचलाय, म्हणून हे लिहिणं आलं.

मेसेज थोडक्यात असा: लकव्याचा झटका आलेल्या माणसाला जागचं हलवू नका, हलवलंत तर मेंदूतल्या केशवाहिन्या फुटतील. सुई विस्तवावर तापवून दहाही बोटांच्या टोकांना, नखापासून एक मिलिमीटरवर, टोचा आणि रक्ताचा थेंब काढा. काही मिनिटांत माणूस शुद्धीवर येतो. तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढा, पाळ्यांमधून दोन-दोन थेंब काढा. सगळं पूर्ववत झालं की मगच दवाखान्यात न्या, कारण ॲम्ब्युलन्सच्या धक्क्यांनी माणूस दगावतो.

सुईचं नंतर बघू. आधी ते "हलवू नका", कारण या मेसेजात जीवघेणं काही असेल तर ते हेच. झटका दोन तऱ्हेचा असतो. बहुतेकांना येतो तो गुठळीचा: मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी तुंबते आणि पुढचा भाग उपाशी मरायला लागतो. उरलेल्यांच्या मेंदूत रक्तस्राव होतो, आणि तो बऱ्याचदा वर्षानुवर्षं चढलेल्या बीपीने कमजोर झालेल्या बारीक धमनीतून. रस्त्यावरच्या खड्ड्याने केशवाहिन्या फुटून नव्हे. तसं असतं तर आपल्या रस्त्यांवर एसटीने फिरणारं कुणी शिल्लकच राहिलं नसतं. दोन्हींपैकी कुठला झटका, हे सीटी स्कॅनशिवाय डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. मग सुई घेऊन बसलेल्या पुतण्याला काय सांगता येणार?

आणि घड्याळ चालूच असतं. जेफ्री सेव्हर या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने २००६ साली 'स्ट्रोक' या नियतकालिकात हिशोब मांडला: मोठी वाहिनी तुंबलेल्या झटक्यात उपचार झाले नाहीत तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. आता दहा बोटं टोचा, रक्त येत नाही म्हणून दाबा, थांबा, कान ओढा, पुन्हा थांबा. अर्धा तास सहज गेला. म्हणजे ५ कोटी ७० लाख पेशी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही आधी स्कॅन करून. तालुक्याहून शहरात पोचायलाच दोन तास लागणाऱ्या माणसाचा अर्धा तास हा मेसेज घरातच खातो.

आता सुई. इथे थोडं मान्य करावं लागेल, नाइलाजाने. हा प्रकार कुणी हवेतून काढलेला नाही. बोटांच्या टोकांवरचे हे दहा बिंदू चिनी ॲक्युपंक्चरमध्ये खरोखर आहेत. इंग्रजी पुस्तकांतही ते 'शीश्वेन' या चिनी नावानेच येतात, आणि बेशुद्धीत तिथे टोचून रक्त काढावं असं त्यांत लिहिलेलंही असतं. पण पुस्तकात असणं वेगळं आणि गुण येणं वेगळं. ताज्या झटक्यात ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो का, याचा आढावा कोक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००५ साली घेतला. फायद्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. शिवाय तो आढावा दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णांचा होता, घरी अडवून ठेवलेल्यांचा नव्हे. अंगात पाचेक लिटर रक्त, त्यातले दहा थेंब बोटातून काढल्याने मेंदूतली गुठळी हलत नाही. उलट दुखलं की बीपी चढतं.

कान ओढण्याबद्दल काय लिहायचं! तोंड वाकडं होतं ते मेंदूत बिघाड झाल्याने, पाळीत रक्त साचल्याने नाही.

"पण आमच्या शेजाऱ्यांना गुण आला" हे मात्र हमखास ऐकू येतं, आणि ते खोटं असेलच असं नाही. गुठळी कधीकधी आपोआप सुटते. हात लुळा पडतो, बोबडी वळते आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळं जागेवर येतं. याला टीआयए म्हणतात. सुई टोचली असती-नसती तरी ते झालंच असतं, पण श्रेय सुईला जातं. फिट आल्यावर कांदा हुंगवतात, त्यातलाच प्रकार. गोम अशी की टीआयएनंतर खरा मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, आणि नेमकं तेव्हाच "बरं वाटतंय ना, मग कशाला दवाखाना" म्हणत माणूस घरी चहा पीत बसतो.

आत्याला त्या डबीच्या जागी एक चिठ्ठी लिहून दिली. तोंड वाकडं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी १०८. पाणी पाजायचं नाही, ॲस्पिरिन द्यायची नाही. जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच न्यायचं. आणि काका शेवटचे धडधाकट कधी दिसले होते ती वेळ लिहून ठेवायची. सकाळी उठतानाच लक्षात आलं, तर आदल्या रात्रीची धरायची. डॉक्टर आधी तेच विचारतात.